भोंगा, खर्ज आणि मणिबेली

वयाबरोबर माणसाची आवड बदलते, असे सगळेच म्हणतात. तरुणपणी तिखट लागते, उतारवयात वरणभात गोड लागतो. गाण्यांचाही हिशेब लोक असाच मांडतात. विशीत धांगडधिंगा, चाळिशीत गझल, पुढे हम्द-नात किंवा भजन. आमच्या बाबतीत हा हिशेब जुळला नाही. पन्नाशीला आलो तरी आम्ही हार्ड रॉकच ऐकतो, आणि तोही अगदी गाजलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला. मात्र पंधराव्या वर्षी जो ऐकत होतो तो हा नव्हे. गाणी बरीचशी तीच आहेत, त्यातले ऐकू येते ते वेगळे आहे. हे कसे घडले ते सांगावेसे वाटते, कारण त्यात आमच्या धंद्याचा, आमच्या कानांचा आणि मणिबेली नावाच्या एका गावाचा वाटा आहे.

आम्ही म्हणजे दोघे सख्खे भाऊ. गाव अक्कलकुवा. आमच्या शाळेच्या दिवसांत ते धुळे जिल्ह्यात होते, 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून तिकडे आले. अब्बांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, मिलादचा जलसा असो की निवडणुकीची सभा, भोंगा आमचाच. बैलगाडीवर बांधलेला आणि बांबूच्या टोकाला चढवलेला भोंगा पाहतच आम्ही वाढलो. शाळेतून आलो की वायरी गुंडाळणे, बॅटऱ्या चार्जिंगला लावणे आणि जळालेल्या युनिटचा डायफ्राम बदलणे ही आमची कामे. बोटांना सोल्डरचे चटके ठरलेले.

इंग्रजी कॅसेटी आल्या त्या सुरतेहून. नंदुरबार स्टेशनावरून सुरतेची गाडी मिळते, आणि सुरतेत आमचे मामू राहत. मामूंचा थोरला मुलगा कापडाच्या बाजारात कामाला होता. इंग्रजी गाण्यांचा त्याचा शौक आमच्याकडे पिशवीतून यायचा. एसी-डीसीचा 1980 चा 'बॅक इन ब्लॅक', गन्स अँड रोझेसचा 1987 चा 'अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' आणि डीप पर्पलचा 1972 चा 'मशीन हेड' या तीन कॅसेटींवर आमची पहिली दोन वर्षे गेली. शब्द कळत नव्हते. कॅसेटच्या आतल्या बारीक छापील कागदावरून नावे तेवढी पाठ केली होती. दुकानात माल तपासताना सगळे 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतात, आम्ही ब्रायन जॉन्सनला ओरडायला लावायचो. अब्बा अझीज नाझाँ आणि युसूफ आझाद यांच्या कव्वालीवर वाढलेले. एकदा ते पायरीवर थबकले आणि म्हणाले, "ये आदमी गा रहा है के किसीको बुला रहा है?" आम्ही हसलो. आज वाटते, प्रश्न चांगला होता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमची पहिली आवड तिनेच घडवली. भोंगा हा बोलण्यासाठी आणि अजानसाठी बनलेला आहे. माणसाचा आवाज तो कोसभर पोचवतो, पण खर्ज त्याच्या अंगात नाही. साधारण 300 हर्ट्झच्या खालचे त्यातून फारसे बाहेर येतच नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे ती वाजते हे आम्हाला कितीतरी वर्षे ठाऊकच नव्हते. ड्रम म्हणजे पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा आवाज. पोचायचे ते दोघे: गाणारा आणि वरच्या पट्टीत धावणारी लीड गिटार. साहजिकच आमचे लाडके तेच. अॅक्सल रोझ किती वर जातो, इयन गिलनची किंकाळी किती लांबते, अँगस यंगची बोटे जलद की स्लॅशची, यावर आमच्यात हाणामाऱ्या होत. जो जास्त वर आणि जास्त वेगात, तो मोठा. त्या वयात रॉकमध्ये याहून दुसरे काही असेल असे मनातच आले नाही, आणि भोंग्यातून दुसरे काही येतही नव्हते.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लग्नांतून भोंगे मागे पडू लागले. लोकांना बेस हवा झाला. अब्बांनी कर्ज काढून 15 इंची स्पीकरचे लाकडी बॉक्स करून घेतले. बॉक्स आले त्या रात्री आम्ही दुकानाचे शटर अर्धे ओढून 'बॅक इन ब्लॅक' लावली आणि एकमेकांकडे पाहतच राहिलो. ही कॅसेट आपण शेकडो वेळा ऐकली, यावर विश्वास बसेना. अँगसच्या खाली कुणीतरी सारखे भिंत बांधावी तशी गिटार वाजवत होते. तो त्याचा थोरला भाऊ माल्कम. तो पुढे येत नाही, नाचत नाही, एकही लांबलचक तुकडा घेत नाही. तो काढला तर मात्र सगळे कोसळेल. आम्हीही दोघे भाऊच. एक माइकपाशी उभा राहून सभेचे 'मान्यवर' घोषित करणारा, दुसरा मागे अॅम्प्लिफायरपाशी बसणारा. माल्कम यंग 2017 च्या नोव्हेंबरात गेला तेव्हा आमच्यातल्या थोरल्याने दिवसभर दुकानात दुसरे काही लावले नाही.

बॉक्सबरोबर ब्लॅक सॅबथही घरात आले. नावामुळे मोहल्ल्यात कुजबुज झाली की पोरे सैतानाचे गाणे ऐकतात. त्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची, गोष्ट आम्हाला पुढे कळली. 1965 मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि हलक्या तारा लावल्या. पुढे दाबायला सोपे जावे म्हणून तारा सैलही केल्या. तो जड, खोल, अंगावर येणारा आवाज लोकांना सैतानी वाटला. आमच्या कानांना त्यात कारखान्यातला जखमी हात ऐकू येऊ लागला. कामगाराच्या घरातून आलेले हे गाणे आहे, एवढे कळल्यावर आमची आवड पुन्हा सरकली. किंकाळ्या आणि शर्यती मागे पडल्या, जडपणा आवडू लागला.

धाकटा पुढे धुळ्याला कॉलेजात गेला. तिथे आवडीला प्रतिष्ठेचा रंग असतो हे दिसले. जे सगळ्यांना आवडते ते हलके, असा एक अलिखित नियम होता. बॉन जोव्हीचे नाव काढले की लोक गालात हसत. दुसरीकडे आपल्या लोकांचा प्रश्न वेगळाच असे: हे आपले आहे का? त्या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, पण दाखवायला काही कॅसेटी होत्या. 1995 च्या 'डेड मॅन वॉकिंग' या चित्रपटासाठी पर्ल जॅमचा एडी व्हेडर आणि नुसरत फतेह अली खान एकत्र गायले होते. पाकिस्तानच्या जुनून या बँडने बुल्लेशाहचा कलाम विजेच्या गिटारवर चढवला होता. अब्बांनी नुसरतसाहेब ऐकले, व्हेडरही ऐकला, आणि म्हणाले, "दोनों थके हुए हैं, मगर सच्चे हैं." घरात तेवढ्यावर निभावले.

याच दिवसांत वसतिगृहात दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडची 'कंदिसा' ही 2000 सालची कॅसेट फिरत होती. त्यात 'मा रेवा' हे नर्मदेचे गाणे आहे, खोऱ्यातल्या लोकगीतावरून आलेले. बँडमधला बेस गिटार वाजवणारा राहुल राम नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात पूर्णवेळ कार्यकर्ता होता. ज्या नदीच्या तालुक्यात आम्ही जन्मलो, ती आमच्या आवडत्या संगीतात दिल्लीमार्गे आली, याची गंमत वाटली. अक्कलकुव्याच्या बाजारात सातपुड्यातून माणसे येत. कोण कुठल्या पाड्याचा हे अब्बांना तोंडावरून कळे. पण नदीकाठ आमच्या घरापासून डोंगरांपलीकडे होता.

मग कानांची गोष्ट सुरू झाली. थोरला वयाच्या अकराव्या वर्षापासून स्पीकरशेजारी बसत आला होता. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढले तर कान जायला लागतो, असे डॉक्टर सांगतात. लग्नाच्या वरातीत बॉक्सशेजारी 100 च्या पुढेच असतात. 2008 च्या पावसाळ्यात त्याने सहज विचारले, "इस साल झींगुर नहीं है क्या?" बाहेर रातकिड्यांनी रान उठवले होते. धुळ्याला कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. खालचे स्वर शाबूत, 4000 हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात पडावी तशी घसरलेली. मोठ्या आवाजाने गेलेला कान आधी तिथेच जातो, आणि गेलेले परत येत नाही. त्याला स, श, फ यांतला फरक कळेनासा झाला. मोबाइलची घंटी, कुकरची शिट्टी, नातवंडांच्या वयाच्या पोरांचे बोलणे दूर गेले. या कामात हे अनेकांना होते. एसी-डीसीच्या ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये चालू दौरा सोडावा लागला, तो कानांमुळेच. आमच्या दुकानाची तपासणी ज्याच्या ओरडण्यावर चालायची, तोच.

ज्याचा कान जातो त्याची आवड त्याला विचारून बदलत नाही. थोरल्यासाठी झांजा विरल्या, लीड गिटार पातळ झाली. भोंग्याने जे तारुण्यात दिले ते सगळे कानाने काढून घेतले, आणि भोंग्याने जे कधीच दिले नव्हते तेवढे उरले: ढोल आणि खर्ज. त्या काळात त्याने लेड झेपेलिनचे एक गाणे पकडून ठेवले. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', 1971 चे. या गाण्यात जॉन बॉनमचा ड्रम असा वाजतो की तो कानाआधी छातीला कळतो. हे रेकॉर्डिंग हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत झाले, जी 1795 मध्ये गरिबांना कामाला ठेवण्यासाठी बांधली होती. ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याशी मांडला आणि दोन माइक जिन्यावर वर टांगले, म्हणून त्या ठोक्यात दगडी भिंतींचा घुमारा आला. शिवाय मिक्सिंगच्या वेळी टेपचा वेग कमी केला, त्याने सगळे आणखी जड झाले. धंद्यातली माणसे असल्याने हे तपशील आम्हाला पाठ होते. गाणे कशाविषयी आहे ते मात्र आम्ही कधी शोधले नव्हते. आवाज पुरेसा होता.

2011 च्या उन्हाळ्यात मणिबेलीला जाणे झाले. आमच्या दुकानात तिथला एक जण कामाला होता, त्याच्या बहिणीचे लग्न. मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव, सरदार सरोवरात बुडालेल्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी धरणाला सर्वांत जवळचे, म्हणून पाणी पहिले तिथे आले. 1990 नंतरच्या काही वर्षांत या छोट्या गावाचे नाव जगभर गेले. तिथली घरे पोलीस बंदोबस्तात हलवली गेली, माणसे पाण्यात उभी राहिली, 1993 च्या मार्चअखेर जागतिक बँकेचे कर्ज थांबले. 1994 मध्ये 44 देशांतल्या 326 संघटनांनी मोठ्या धरणांसाठी बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला, त्यालाही मणिबेलीचेच नाव होते. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, नवे गुजरातेत गोऱ्याला उभे राहिले. काही कुटुंबे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, काही डोंगरावर सरकून तिथेच राहिली. आमच्या माणसाचे घर सरकून राहिलेल्यांपैकी.

जीपने गेलो, मग बोटीने. एका बोटीत दोन बॉक्स, अॅम्प्लिफायर, जनरेटर आणि आम्ही. उन्हाळ्यात पाणी खाली उतरते, काठावर राखाडी गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यात वाळलेल्या झाडांचे शेंडे उभे असतात. आमच्या माणसाने बोट वळताना पाण्याकडे बोट केले आणि म्हणाला, "इथे आमचा आंबा होता." आणखी काही तो बोलला नाही.

लग्नात फिल्मी गाणी वाजली. मध्यरात्री डिझेल संपले. आम्ही घाबरलो, पण तिथे कुणाला फरक पडला नाही. म्हाताऱ्यांनी ढोल काढले. हे ढोल आम्हाला परके नव्हते. काठीची राजवाडी होळी, जी लोक 1246 पासून चालत आलेली सांगतात, तिथे आम्ही लहानपणापासून जायचो. रात्रभर शेकडो ढोल, पायांत घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप. तिथे आमच्या भोंग्याचे काही काम नसे. पण मणिबेलीत त्या रात्री डोंगराला थडकून पाण्यावरून परत येणारा ढोल वेगळा होता. थोरला जमिनीवर बसला होता, तळवे मातीला टेकवून. आमच्यात त्या रात्री सर्वांत नीट त्यालाच ऐकू येत होते.

सकाळी डिझेल आले. परत निघण्याआधी बॉक्स तपासायला थोरल्याने सवयीने तेच गाणे लावले. ढोल वाजवणाऱ्यांपैकी एक आजोबा जवळ येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारले, "हा वाजवतो कोण?"

"परदेशातला आहे, बाबा. वारला तो. 1980 मध्येच."

"घाई करत नाही," ते म्हणाले. बॉनमबद्दल आम्ही खूप वाचले आहे, इतके नेमके कुठे वाचलेले नाही.

मग आमच्या माणसाने विचारले, "गाण्यात काय सांगतोय, भाई?" धाकट्याला तेव्हा तुटकपणे एवढेच सांगता आले की नदीला पूर येतोय, पाणी अडवायला घातलेली भिंत फुटणार आहे, आणि फुटली की या माणसाला घर सोडून जावे लागणार आहे.

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "आमची तर फुटली नाही. उभी आहे म्हणूनच पाणी आलं."

घरी आल्यावर आम्ही त्या गाण्याचे मूळ शोधले. ते लेड झेपेलिनचे मूळचे नव्हेच. 1929 मध्ये कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय जोडप्याने ते रेकॉर्ड केले होते. 1927 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीचा महापूर आला, काठचे तटबंध फुटले, सुमारे 6 लाख लोक बेघर झाले. पुराआधी बांधावर मातीच्या पोती रचायला कृष्णवर्णीय मजुरांना जबरीने लावले होते, आणि पुरानंतर त्यांच्या छावण्यांवर पहारे बसले. ते दुःख दोन गिटारींवर गायले गेले. 42 वर्षांनी इंग्लंडच्या चार गोऱ्या पोरांनी ते उचलले, त्याला प्रचंड ढोल दिला, आणि मेम्फिस मिनीचे नाव आपल्या नावांशेजारी छापले. तिथून ते सुरतेला, सुरतेहून अक्कलकुव्याला आणि आमच्या बोटीतून मणिबेलीला आले. एवढा प्रवास करून ते एका बुडालेल्या गावात पोचले, आणि गावाने त्याला त्याचा अर्थ विचारला.

तेव्हापासून आमची आवड जी बदलली ती शेवटची. आता गाणे लावले की आम्ही शोधतो, हे कुठून आले, कुणाच्या घरातून निघाले. या चाळणीतून बरेच काही गळून पडले. शर्यतीची गाणी जवळजवळ सगळी गेली. डीप पर्पलचे 'स्मोक ऑन द वॉटर', जे गिटार शिकणारा प्रत्येक पोरगा पहिले वाजवतो, ते राहिले, कारण ती 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात जळालेल्या कॅसिनोची सरळ हकीकत आहे. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी स्वतः पाहिला होता. बॉन जोव्हीही राहिला. वायरी गुंडाळताना अजून आम्ही तो लावतो, कारण काही गाणी केवळ हात चालू ठेवण्यासाठी असतात, आणि तेही मोठे काम आहे.

2017 मध्ये सरदार सरोवराचे दरवाजे बंद झाले आणि धरण 138.68 मीटरपर्यंत भरायला मोकळे झाले. आमचा माणूस आता स्वतःच्या बोटीवर असतो. पाणी आणखी वर आले, घर आणखी एकदा सरकले. आजोबा गेले. त्यांचा ढोल त्यांच्या नातवाकडे आहे, असे तो फोनवर म्हणाला. आमचे दुकान पुढची पिढी चालवते. त्यांच्याकडे डीजे आहे, इतका खर्ज आहे की शेजारच्या खिडक्या थरथरतात. पोरांना कानात बोळे घालायला आम्ही सक्तीने लावतो. ते हसतात, पण घालतात.

थोरल्याला दोन वर्षांपूर्वी कानाचे यंत्र मिळाले. स आणि श परत आले, पोरांचे बोलणे कळू लागले, रातकिडेही परतले. गाण्यासाठी मात्र त्याला यंत्र आवडत नाही. म्हणतो, "कानात परत भोंगा बसवलाय." रात्री दुकान मिटल्यावर तो यंत्र काढून डबीत ठेवतो, हात बॉक्सच्या लाकडावर टेकवतो आणि डोळे मिटून बसतो. धाकटा शेजारी हेडफोन लावून तेच गाणे ऐकतो, झांजा, गिटार, माउथ ऑर्गन, सगळे सकट. मग आमच्यात वाद होतो की यातले खरे गाणे कोणते. अम्मी आतून ओरडतात की जेवण गार झाले. थोरल्याला ते ऐकू येत नाही, आणि धाकटा उठत नाही.